वाईट साय-फाय मालिकेचं विडंबन: हसू नेमकं कशावर आणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच-सहा जणांचा नाट्यगट. काही जण व्हिडिओ गेम खेळणारे, काही अजिबात न खेळणारे. साय-फाय गेमवरून निघणाऱ्या वाईट मालिकांची टर उडवणारी सात-आठ मिनिटांची फिल्म यूट्यूबसाठी करायची आहे. पहिला खर्डा वाचला तेव्हा खेळणारे "अगदी बरोबर" म्हणत राहिले पण हसले नाहीत, आणि न खेळणाऱ्यांच्या डोक्यावरून सगळं गेलं. आता पंच वाढवायचे, गेममधले संदर्भ वाढवायचे, की पैसे कॉस्च्यूमवर घालायचे?

यातलं काहीच आत्ता करू नका. तुम्ही खर्ड्याचा जो सारांश दिला आहे त्यावरून दिसतं ते असं, की पात्रं एकामागून एक येतात आणि मूळ गेममध्ये काय होतं नि मालिकेने त्याचं काय केलं ते बोलून दाखवतात. ही तक्रार झाली. तक्रार पटली की माणूस मान डोलावतो. हसू यायला डोळ्यांसमोर काहीतरी घसरताना दिसावं लागतं. न खेळणाऱ्याला तर घसरण्याआधी ते कुठे उभं होतं हेच ठाऊक नाही. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच: मूळ गेम तुम्हीच बनवा, तो फिल्मच्या पहिल्या चाळीस सेकंदांत प्रेक्षकाला शिकवा, आणि मग मालिका बनवणाऱ्यांनी त्याचं काय केलं ते दाखवा.

त्याआधी निशाणा पक्का करू. गेमची थट्टा करायची नाही, चाहत्यांचीही नाही. थट्टा करायची ती मालिका बनवणाऱ्यांनी घेतलेल्या निर्णयांची. बंद खोलीत शहाण्यासुरत्या माणसांनी, अगदी पटण्यासारखी कारणं देऊन घेतलेले निर्णय. 'हेलो' या साय-फाय गेमचं उदाहरण घ्या. पहिला गेम नोव्हेंबर २००१ मध्ये एक्सबॉक्स या गेम-यंत्राबरोबर आला. त्यातला नायक मास्टर चीफ कायम हेल्मेटमध्ये. इतका, की 'हेलो ४' सर्वांत अवघड पातळीवर संपवला तर शेवटी डोळ्यांभोवतीचा भाग तेवढा दिसतो. मालिकेची घोषणा २०१३ मध्ये झाली आणि ती पॅरामाउंट प्लसवर आली २४ मार्च २०२२ ला. पहिल्याच भागाच्या शेवटी हेल्मेट उतरलं. पहिल्या सीझनचे शो-रनर, म्हणजे मालिकेची सूत्रं सांभाळणारे, स्टीव्हन केन यांनी मुलाखतीत सांगितलं होतं की त्यांनी गेमकडे पाहिलं नाही. चर्चा केली ती पात्रांबद्दल आणि त्या जगाबद्दल, असंही ते म्हणाले. विडंबनकाराच्या दृष्टीने हेल्मेट उतरण्यापेक्षा हे वाक्य जास्त मोलाचं आहे. हेल्मेट हा परिणाम आहे, विचार करायची पद्धत या वाक्यात आहे.

चेहरा दाखवण्यामागचं कारण खोटं नसतं, हेही ध्यानात घ्या. नट मोठा, प्रेक्षकाला भाव दिसायला हवेत, नऊ तास काचेकडे कोण बघणार, वगैरे. पण 'रेड व्हर्सेस ब्लू' ही वेब मालिका २००३ मध्ये याच 'हेलो'च्या आत, म्हणजे गेममधलीच पात्रं हलवून आणि पडदा रेकॉर्ड करून, चित्रित होऊ लागली आणि वीस वर्षांवर चालली. सगळी पात्रं हेल्मेटमध्ये, चेहरा कुणालाच नाही. बोलणाऱ्याचं डोकं हलतं, एवढीच खूण. सुरुवातीला पात्राने बंदूक ताणलेली दिसू नये म्हणून एक खाच वापरत: हातात पिस्तूल घेऊन पात्राला खाली बघायला लावलं की कॅमेऱ्याला डोकं सरळ आणि हत्यार खाली दिसायचं. पुढे 'हेलो २' मध्ये हत्यार खाली धरायची सोय गेममध्येच आली. आवाज, विराम आणि मानेची हालचाल यांवर माणसं ओळखू येतात, हसवतातही. तुमच्याकडे पैसे अगदीच नसतील तर ही वाट आजही उघडी आहे.

बदल करणं हा गुन्हा नव्हे, हे लेखकाच्या मनात पक्कं हवं. नाहीतर फिल्म कटकटी होते. एप्रिल २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेल्या 'फॉलआउट' या गेमवरच्या मालिकेने नवी कथा आणि नवी पात्रं घेतली. पण निळा-पिवळा व्हॉल्ट सूट, मनगटावरचा पिप-बॉय नावाचा छोटा संगणक, जुनी गोड गाणी आणि त्याखाली चाललेला रक्तपात ही गेमची चाल तशीच ठेवली. उलट नेटफ्लिक्सच्या जुलै २०२२ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'ने आठ भाग २०२२ आणि २०३६ अशा दोन काळांत वाटले, एका काळात शाळकरी बहिणी बसवल्या, आणि एका सीझनमध्ये दुकान बंद झालं. दोन्हीकडे बदल आहेतच. फरक असा, की एकीकडे बनवणाऱ्यांना गेम आवडतो असं दिसतं आणि दुसरीकडे त्यांना गेमची जरा लाज वाटते असं वाटत राहतं. ती लाज पकडा. गेमवर मालिका काढायची, पण कुणी "गेमसारखी आहे" म्हणू नये ही धडपड. मग अपराधी वाटून मधेच गेममधली एखादी वस्तू टेबलावर ठेवायची आणि कॅमेरा तिच्यावर तीन सेकंद रेंगाळू द्यायचा.

आता गेम बनवूया. समजा त्याचं नाव 'केंद्र ९'. ओसाड अंतराळ स्थानकावर एक दुरुस्ती-कामगार एकटा अडकला आहे. नियम तीनच. तो बोलत नाही आणि हेल्मेट काढत नाही, कारण बाहेर हवा नाही. त्याच्याकडे टॉर्च आहे, ती नव्वद सेकंद चालते, विझली की अंधारातलं 'ते' येतं. आणि दारं फक्त लाल कार्डाने उघडतात. बस. चौथा नियम घालायचा मोह आवरा, कारण चाळीस सेकंदांत तीनाच्या वर काही डोक्यात राहत नाही. हे चाळीस सेकंद गेम खेळताना रेकॉर्ड केल्यासारखे दाखवा: कोपऱ्यात बॅटरीची पट्टी, कार्ड मिळाल्याचा 'टिंग', दार उघडतं, टॉर्च विझते, किंकाळी, 'पुन्हा प्रयत्न करा'. ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये कुणाचा हात बसलेला असेल तर उत्तम. नसेल तर एका लांब बोळातून छातीच्या उंचीवर मोबाइल धरून चाला आणि वर पट्टी नि आकडे चिकटवा. हा भाग थोडा साधा दिसला तरी चालेल, पण मनापासून केलेला दिसला पाहिजे. प्रेक्षकाला 'केंद्र ९' आवडला नाही तर पुढे त्याचं वाटोळं झाल्याचं कुणाला काय?

यानंतर प्रत्येक नियमावर एक निर्णय, आणि प्रत्येक निर्णय तीन पायऱ्यांनी वर न्यायचा. पहिली पायरी म्हणजे पटेल असं कारण. दुसरी, त्या कारणाचा सरळ परिणाम. तिसरी, तोच परिणाम हट्टाने शेवटपर्यंत ओढलेला. तुमचा खर्डा प्रत्येक वेळी पहिल्या पायरीवर थांबतो आणि पुढच्या तक्रारीकडे उडी मारतो.

टॉर्चवर करून बघू. मुलाखतीत निर्माता म्हणतो, "टॉर्च ही फक्त टॉर्च नाही, हे आम्हाला लवकर जाणवलं." लगेच दृश्य: काळोखा बोळ, नायकाच्या हातात टॉर्च, बंद. मागून गुरगुर. सहकारी कुजबुजते, "लाव ना." तो बराच वेळ टॉर्चकडे बघतो. "मी अजून तयार नाही." पुढच्या फेरीत कळतं की वडिलांना माफ केल्याशिवाय ती लागत नाही. तिसऱ्या फेरीत 'ते' समोर येऊन उभं आहे, आणि नायक वडिलांबद्दल इतकं लांबण लावतो की शेवटी 'ते'च जवळच्या स्टुलावर बसतं. या विनोदाला गेमची कसलीही जाणकारी लागत नाही. टॉर्च लावली की वाचतो, एवढं माहीत असलं की पुरे, आणि ते तुम्ही चाळीस सेकंदांत शिकवलेलं आहे.

लाल कार्डाला पूर्वकथा चिकटवा. हल्ली प्रत्येक वस्तूला पूर्वकथा लागते. कार्ड लाल का आहे याचा अख्खा पाचवा भाग, नाव 'लाल'. कारखाना, रंगाचा डबा, पावसात रडणारी बाई. शेवटी नायक कार्ड घेऊन दारापाशी पोचतो आणि दार आपोआप उघडतं, सेन्सरचं असतं. तो कार्ड खिशात ठेवतो. इथे एकही शब्द बोलू नका. लिहिताना कुणीतरी "अरे, हे तर आपोआप उघडतं!" असं वाक्य घालायला बघेलच, ते छाटा.

हेल्मेटचा निर्णय सगळ्यांत ओळखीचा आहे म्हणून सगळ्यांत जास्त घासला गेलेला. तो घ्याच, पण झटपट उरका. माझी निवड अशी: हेल्मेट काढल्यावर नायकाचा श्वास कोंडतो, कारण नियमाप्रमाणे हवा नाहीच, तरी तो संपूर्ण मालिका धापा टाकत बोलतो आणि समीक्षक त्याला 'दुखावलेला अभिनय' म्हणतात.

आकाराचं म्हणाल तर सात मिनिटांच्या फिल्मला संहितेची सात पानं, साधारण पानाला मिनिट. चाळीस सेकंद गेम. मग मुलाखतीचा तुकडा आणि मालिकेतलं दृश्य अशा जोड्या. मुलाखत दहा ते पंधरा सेकंद, दृश्य त्याच्या दुप्पट-तिप्पट. तीन निर्णयांच्या तीन-तीन फेऱ्या म्हणजे नऊ जोड्या, जोडी सरासरी पस्तीस सेकंदांची ठेवली तर पाच-साडेपाच मिनिटं. उरलेला वेळ शेवटाला. फेऱ्या गुंफा: टॉर्च, हेल्मेट, टॉर्च, कार्ड, हेल्मेट. एकच विषय सलग तीनदा आला की तिसरा पंच प्रेक्षक आधीच ओळखतो. मुलाखतीचा साचा घ्या असं सुचवतो कारण निर्णय दिसायला निर्णय घेणारा दिसावा लागतो. यातला धोका एवढाच, की मुलाखतीतलं पात्र स्वतःच विनोद करू लागतं. त्याला मनापासून बोलू द्या. त्याला गेम आवडत नाही असं त्याने एकदाही म्हणता कामा नये. "आम्ही मूळ कलाकृतीचा आदरच करतो" हे वाक्य तोंडी असलेला माणूस हवा.

नटांनाही तीच सूचना. मराठीत विडंबनाची जुनी, पक्की परंपरा आहे. केशवकुमारांची, म्हणजे आचार्य अत्र्यांची, विडंबनं वाचा: वृत्त, लय, शब्दांची ऐट सगळी गंभीर कवितेची, घसरतो तो फक्त आशय. तुमच्या फिल्मचं वृत्त म्हणजे 'दर्जेदार' मालिकेची ढब. कुजबुजल्यासारखे संवाद, वाक्यावाक्यात उसासा, खिडकीकडे पाठ करून उभं राहणं, कथानकाशी संबंध नसलेलं धीमं संगीत. ही ढब शंभर टक्के सांभाळा. एका नटाने जरी "बघा, कसं वाईट करतोय" अशा नजरेने कॅमेऱ्याकडे पाहिलं तरी बाकीच्यांची मेहनत वाया जाते. तालमीत दृश्य जमत नसेल तर आणखी विनोदी करायला सांगू नका, आणखी दुःखी करायला सांगा.

मुद्दाम वाईट केलेलं आणि खरोखर फसलेलं यांतला फरक प्रेक्षकाला कळवावा लागतो, आणि इथे नवखे हमखास अडकतात. एखादी चूक एकदाच दिसली तर ती तुमची वाटते. तीच दुसऱ्यांदा, जरा मोठी होऊन आली की ती मालिकेची होते. म्हणून प्रत्येक मुद्दाम चूक किमान दोनदा. दुसरं म्हणजे चित्र हवं तेवढं बिघडवा, आवाज मात्र स्वच्छ ठेवा. संवाद ऐकू आला नाही तर लोक विडंबन वगैरे समजत नाहीत, सरळ पुढे जातात.

आतापर्यंतचं एकत्र करायचं तर: स्वतःचा गेम, तीन नियम, तीन निर्णय, प्रत्येकाच्या तीन पायऱ्या, आणि सगळं गंभीर चेहऱ्याने. पंच यातूनच निघतात, वरून शिंपडावे लागत नाहीत.

आता चित्रीकरण. अंधार ही या मालिकांची खूण, पण अंधारात शूट करू नका. मोबाइलवर दाणेदार, मळकट चित्र मिळेल. नीट उजेडात घ्या आणि एडिटिंगमध्ये काळं करा, डोळ्यांची रेघ आणि आकृतीची कड दिसेल एवढंच. बहुतेक लोक हे फोनवर, दिवसाउजेडी बघणार आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. फोन आपणहून ३० फ्रेम घेतो आणि ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. तो विनोद तुम्हाला नको आहे. मालिकेच्या भागाला वर-खाली काळ्या पट्ट्या द्या, गेमच्या भागाला नको, म्हणजे दोन जगं न सांगता वेगळी होतात. १९२० बाय १०८० च्या चौकटीत रुंदी-उंचीचं २.३९ चं प्रमाण हवं असेल तर चित्राची उंची सुमारे ८०३ पिक्सेल, म्हणजे पट्टी दोन्हीकडे साधारण १३८ ची. सबटायटल खालच्या पट्टीत बसतील.

हेल्मेट ईव्हीए फोमचं, म्हणजे व्यायामाच्या चटईसारख्या हलक्या फोमचं करा. कवचाला १० मिलिमीटर, नक्षीला ५ मिलिमीटर. हीट गनने शेकून गोलाई द्यायची, दोन्ही कडांना कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहाएक मिनिटं थांबायचं, मग एकदाच दाबायचं. घाईत ओलं असताना जोडलं की सांधे उकलतात, आणि तेही नेमके शॉट चालू असताना. खिडक्या उघड्या ठेवून काम करा, त्या वासाने डोकं धरतं. रंगाआधी सगळा पृष्ठभाग पुन्हा शेका, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो. काचेच्या जागी दुचाकीच्या हेल्मेटचा टिंटेड व्हायझर चालतो. तो धुक्याने भरतो म्हणून आत ५ व्होल्टचा छोटा पंखा आणि खिशात पॉवर बँक. तरी नटाला सलग दहा मिनिटांच्या वर आत ठेवू नका. आणि गंमत म्हणजे हे सगळं गेमच्या भागासाठी. मालिकेतलं चिलखत याहून नवं कोरं, एकही ओरखडा नसलेलं दिसायला हवं. वाईट मालिकेत युद्धावरून परतलेल्या माणसाच्या चिलखताला इस्त्री असते.

हेल्मेटमधले संवाद जागेवर रेकॉर्ड करू नका, डब्यातून आल्यासारखे येतात आणि पंख्याची घरघर वेगळीच. नंतर कपाटात, कपड्यांच्या गर्दीत माइक धरून डब करा. इक्वलायझरमध्ये ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० च्या वरचं कापलं की वायरलेसचा आवाज होतो. हेल्मेट उतरल्यावरही आवाज तसाच वायरलेसचा राहिला तर? फुकटचा विनोद, पण दोनदा करा. एडिटिंगमध्ये प्रत्येक गंभीर विराम दहा-बारा फ्रेम, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद, गरजेपेक्षा जास्त लांबवून बघा. कुठे हसू वाढतं आणि कुठे मरतं हे टेबलवरच कळतं, संहितेत कळत नाही.

भाषेचा निर्णय तुमच्या गटावर आहे. मराठीतच करा, पण दोन निशाणे एकत्र करू नका. अंतराळवीर जड संस्कृतप्रचुर बोलू लागला की लोक डबिंगला हसतात. चेहऱ्यावर तीनदा झूम आणि धडाड् संगीत आलं की रोजच्या सासू-सुनेच्या मालिकेला हसतात. दोन्ही विनोद चांगले असतील, पण तुमचे नव्हेत. साधी, शहरी, जरा कृत्रिम मराठी ठेवा.

कायद्याबद्दल विचारलं नाहीत, तरी दोन गोष्टी. अमेरिकेत विडंबनाला 'फेअर यूज'मध्ये बरीच जागा आहे, ब्रिटनने २०१४ मध्ये तशी स्पष्ट सूट दिली. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली टीका आणि समीक्षेसाठी न्याय्य वापराची मुभा आहे, 'विडंबन' हा शब्द मात्र तिथे नाही. शिवाय यूट्यूबची आपोआप जुळणी करणारी यंत्रणा हेतू बघत नाही, आवाज आणि चित्र बघते. स्वतःचा गेम, स्वतःचं नाव आणि स्वतःचं संगीत असलं की हा ताप उरत नाही. खऱ्या गेमच्या आत शूट करणार असाल तर त्या कंपनीचे गेम-चित्रणाचे नियम आधी वाचा. पैसे कमवण्यावर बऱ्याचदा अटी असतात.

शेवट कसा करायचा हे तुम्ही विचारलं होतं. स्फोट नको, 'हे सगळं स्वप्न होतं' तर नकोच. वास्तवानेच चांगला शेवट दिलेला आहे: 'हेलो'ने दुसऱ्या सीझनला शो-रनर बदलला, आठ भाग आले, २०२४ च्या जुलैत मालिका बंद झाली. तुमचा निर्माता शेवटच्या मुलाखतीत म्हणू दे, "आम्ही चाहत्यांचं ऐकलं." दुसऱ्या सीझनचं दृश्य: नायक हेल्मेट घालतो, तोंड मिटतो, टॉर्च लावतो, कार्ड काढतो. सगळं अगदी गेमसारखं. दार उघडतं. पलीकडे त्याचे वडील, हेल्मेटशिवाय, धापा टाकत बोलायला सुरुवात करतात, आणि त्यांच्या पहिल्या वाक्याच्या मध्यावर 'मालिका रद्द' अशी पाटी. पाटी वाक्य तोडूनच यायला हवी. वाक्य पुरं झालं तर तो भावुक शेवट होतो.

नवा खर्डा झाला की कुठलाही खर्च करायच्या आधी दोन माणसांना मोठ्याने वाचून दाखवा, एक खेळणारा आणि एक न खेळणारा, आणि कोण कुठे हसलं त्याची समासात खूण करा. न खेळणारा पहिल्या दोन पानांत हसला नाही तर गेमचे नियम धूसर आहेत. फक्त खेळणारा हसलेल्या जागा दोन-तीन राहू द्या, त्याहून जास्त असतील तर कापा. तो खुणा केलेला खर्डा इथे टाकलात तर कुठली फेरी कमकुवत आहे ते सांगू शकेन.